नागीण आणि तीन दिवसांचा हिशेब

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले होते. जेवण आटोपून आम्ही हात धूत होतो, तोच मागच्या चाळीतल्या काकू दारात उभ्या राहिल्या. जयभीम झाला, पण आत येईनात. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "भाऊ, आमच्या ह्यांना नागीण निघालीय. उद्या पहिल्या गाडीनं गावाकडं नेते. तिकडं एक म्हातारा मंत्र टाकून उतरवतो. ह्यांच्या साहेबांना तेवढा फोन करून सांगा, चार दिवस येत नाहीत म्हणून."

काका एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. वय ६४. बारा वर्षांपासून मधुमेह. आम्ही एकच प्रश्न विचारला, "फोड पहिल्यांदा दिसले कधी?"

"परवा सकाळी, आठच्या सुमाराला, आंघोळीला बसले तवा. त्याच्या आधी दोन दिवस बरगडीत आग होते म्हणत होते. आम्हाला वाटलं, खुर्चीत बसून बसून उसण भरली."

परवा सकाळी आठ ते आज रात्री साडेनऊ. आम्ही पडलो कारकून, हिशेब तोंडी झाला. साडेएकसष्ट तास गेले होते. हातात उरले होते साडेदहा. आम्ही म्हटले, "काकू, गावची गाडी राहू द्या. काकांना सैलसा सदरा घाला, मधुमेहाच्या कागदांची पिशवी घ्या. आत्ताच निघायचं."

काकू बिचकल्या. "एवढ्या रात्री? आणि नागिणीला डॉक्टर काय करणार?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला फार मोठी किंमत देऊन मिळालेले आहे. ते तुम्हाला फुकट मिळावे, म्हणून आजचा हा लेख.

आमच्या घरी काय झाले

२००७ साल. आम्हाला नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. आमच्या आईला पाठीपासून छातीखाली, डाव्या अंगाला, फोडांचा पट्टा उठला. आम्ही बी. कॉम. झालेलो. जयंतीच्या कार्यक्रमात अंधश्रद्धेवर भाषणे ठोकणारे. पण घरात शेजारणी जमल्या, "तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस हाती लागत नाही" असे एकीने म्हटले, आणि आमचे हातपाय गळाले. आम्ही स्वतः आईला रिक्षात बसवून एका उतरवणाऱ्याकडे नेले. त्याने गेरूचा लेप दिला, काहीतरी पुटपुटला, मीठ बंद करायला सांगितले आणि तीन वाऱ्या करायला लावल्या. त्यात नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी फोड वाळू लागले. घरात आनंदीआनंद. उतरवणाऱ्याला नारळ आणि पैसे पोचते झाले.

फोड गेले, पण आग राहिली. पुढे दीड वर्ष आईला त्या बाजूला पोलक्याचा काठ सहन होत नसे. पंख्याचा वारा लागला तरी कळ येई. रात्री ती जिन्यात जाऊन बसे, आम्हाला उठवत नसे. शेवटी सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद लिहिता लिहिता विचारले, "फोड आले तेव्हाच का नाही आणलं?" आमच्या तोंडून शब्द निघेना. आईच म्हणाली, "बाई, पोराचा दोष नाही, मीच हट्ट केला."

तिने हट्ट केला नव्हता. आई आता नाही. पण आमच्यासाठी ती बोलली ते खोटे आजही कानात आहे.

वेळेवर औषध मिळाले असते तर आईला ती आग झालीच नसती, असे छातीठोकपणे कोणी डॉक्टर सांगणार नाही. पण जी संधी होती, ती आम्ही गेरूत कालवली, एवढे मात्र खरे.

नागीण येते कुठून

नागिणीचा सापाशी काही संबंध नाही. साप ओलांडला, साप मारला, कुणाचा शाप लागला, म्हणून ती निघत नाही. ती निघते लहानपणीच्या कांजिण्यांतून. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ शिरांची, म्हणजे संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची जी मुळे असतात, तिथे तो वर्षानुवर्षे झोपून राहतो. वय पन्नाशीच्या पुढे गेले, मधुमेह जडला, कॅन्सरचे उपचार चालू असले, स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालल्या, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती उणी पडते. मग तो जागा होतो आणि ज्या मज्जातंतूत झोपला होता त्याच्याच वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून आधी आग, टोचणी, ठणका. आणि दोन-चार दिवसांनी लालसर पट्ट्यावर पाण्याने भरलेले फोडांचे झुबके. डॉक्टरी भाषेत याला हर्पिस झोस्टर म्हणतात.

आता तोंड आणि शेपटीचे पाहू. आपल्या अंगातल्या या मज्जातंतूंच्या जोड्या असतात. उजवा उजव्या अंगाला जातो, डावा डाव्या. एका मज्जातंतूत विषाणू जागा झाला की फोड त्याच्याच हद्दीत येतात आणि छातीच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेपाशी थांबतात. त्यामुळे नागिणीचा वेढा सहसा पुरा होतच नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच ढासळलेली आहे, त्यांच्या अंगावर फोड पसरू शकतात आणि तो आजार गंभीर असतो. पण तिथेही मारणारी गोष्ट फोडांची टोके जुळणे ही नसते.

उतरवणाऱ्याच्या यशाचे गुपितही यातच आहे. फोड मध्यरेषेशी आपोआप थांबणार. सात ते दहा दिवसांत त्यांवर खपली धरणार. दोन ते चार आठवड्यांत कातडी भरून येणार. त्याने मंत्र म्हटला काय आणि पाढे म्हटले काय, हे होणारच. तो कधी नापास होतच नाही, कारण पेपर आधीच सुटलेला असतो. मागे राहते ती आग. आणि ती घेऊन त्याच्याकडे कोणी परत जात नाही. आमच्याच अनुभवावरून सांगतो, आम्हीही गेलो नाही.

आणखी एक बाब. नागिणीच्या माणसावर पाळीतल्या बाईची सावली पडू नये, पडली तर फोड चिघळतात, असे अजून आपल्या काही घरांत पाळले जाते. सुनेला, मुलीला बाहेरच्या खोलीत बसवतात. विटाळ आणि सावली हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणाच्या तोंडून ऐकले आणि त्यापायी काय भोगले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. तेच शब्द आपण आपल्या लेकीसुनांसाठी घरात जपून ठेवावेत काय? फोड चिघळतात ते नखांनी, घाणेरड्या कपड्याने आणि भलत्या लेपाने. सावलीने काही होत नाही.

औषध आहे, आणि ते काय करते

नागिणीवर नेमके औषध आहे. त्याचे नाव ॲसायक्लोव्हिर. त्याच जातीची व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर ही पुढे आलेली औषधे. ॲसायक्लोव्हिर भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे ही काही श्रीमंतांची चैन नव्हे.

या औषधामागे गर्ट्रूड एलियन नावाच्या बाईंचे मोठे काम आहे. त्यांचा जन्म १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. त्या पंधरा वर्षांच्या असताना लाडके आजोबा कॅन्सरने गेले आणि त्यांनी रसायनशास्त्र शिकायचे ठरवले. फी नसलेल्या कॉलेजात शिकून १९३७ साली पदवी घेतली. पण बाई म्हणून प्रयोगशाळेत कोणी उभे करीना. काही काळ बिनपगारी काम केले, शाळेत शिकवले, आणि १९४४ साली एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. नोकरी सांभाळून संध्याकाळी पीएच.डी.चे वर्ग केले. नोकरी सोडून पूर्णवेळ या, असे सांगितल्यावर तेही सोडावे लागले. त्याच बाईंना १९८८ साली नोबेल पुरस्कार मिळाला. ॲसायक्लोव्हिर ही त्यांच्या प्रयोगशाळेची १९७० च्या दशकातली कामगिरी. रात्रशाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलींना ही हकीकत जरूर सांगावी.

औषधाची करामत अशी. विषाणू आपल्यासारखे आणखी विषाणू तयार करतो ते माळ ओवावी तसे, मण्याला मणी जोडून. ॲसायक्लोव्हिर हा एक फसवा मणी आहे. विषाणूने तो माळेत ओवला की पुढचा मणी जोडायला जागाच राहत नाही आणि माळ तिथेच अडते. शिवाय हा मणी चालू करण्याची किल्ली मुख्यतः विषाणूजवळच असते. त्यामुळे विषाणू जिथे वाढतो आहे तिथेच औषध काम करते आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, हे औषध विषाणूला मारून अंगातून काढत नाही, त्याची वाढ रोखते. दुसरी, वाढ होऊन गेल्यावर ती रोखण्यात काय हशील? म्हणूनच घाई. पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू झाली तर फोड लवकर वाळतात, नवे येणे थांबते आणि सुरुवातीचा ठणका कमी होतो. नंतरची आग हमखास टळेल अशी हमी मात्र नाही. ७२ तास उलटले म्हणून घरीही बसू नये. नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ असतील किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर उशिराही औषध देतात.

काकांच्या पिशवीतले तीन डाग

आता पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. रिक्षात बसल्यावर काकूंनी सांगितले की मुलाने संध्याकाळीच मेडिकलमधून औषध आणले आहे. पिशवी उघडून पाहिली. आत तीन वस्तू होत्या. एक मलमाची ट्यूब, एक अँटिबायोटिकची पट्टी आणि एक दुखण्यावरची पट्टी. डॉक्टरची चिठ्ठी नाही.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी तिन्ही हातात घेऊन पाहिल्या. मलमात स्टेरॉइड होते. ते विषाणूच्या फोडांवर लावणे घातक. अँटिबायोटिक जंतूंवर चालते, विषाणूवर चालत नाही. फोडांत पू झाला तरच त्याची गरज. आणि दुखण्याच्या गोळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "किडनीची तपासणी कधी केली होती?"

काकूंच्या कागदांत तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट निघाला. मधुमेहाने काकांची किडनी थोडी मंदावलेली होती. तेव्हा कोणी समजावून सांगितले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "हा कागद आणलात हे फार बरं केलंत." मग त्यांनी व्हॅलासायक्लोव्हिर लिहून दिले, पण नेहमीसारखे दिवसातून तीनदा नव्हे, दोनदा. दुखण्याची ती गोळी बंद केली, दुसरी साधी दिली, आणि सकाळी रक्त तपासायला सांगितले. पहिली गोळी काकांनी रात्री बाराच्या आत घेतली.

हे नीट समजून घ्या, कारण लेखाचा गाभा इथे आहे. ही औषधे शरीराबाहेर पडतात ती किडनीवाटे, लघवीतून. किडनी मंद असेल तर औषध आत साठत जाते. साठलेले औषध डोक्यावर परिणाम करते. आमच्या ओळखीच्या एका मावशींचे तसे झाले. किडनीचा जुना आजार. नागीण निघाली तेव्हा शेजारच्या माणसाच्या जुन्या चिठ्ठीवर तेच औषध, तेवढ्याच मात्रेत आणले. तिसऱ्या दिवशी मावशी बरळू लागल्या, भिंतीवर माणसे दिसतात म्हणू लागल्या, हातांना झटके येऊ लागले. घरच्यांना वाटले, बाहेरचे लागले. लिंबू-मिरचीची तयारी झाली होती. नशीब की त्यांची मुलगी ऐकली नाही, तिने रुग्णालय गाठले. तिथे औषध थांबवून उपचार केले, तेव्हा काही दिवसांत मावशी शुद्धीवर आल्या. औषध तेच, पण माणूस वेगळा.

तेव्हा औषधाविना राहणे जसे वाईट, तसे न विचारता औषध घेणे वाईट. मांत्रिकाला सोडून मेडिकलवाल्याला मांत्रिक करू नका. कायद्यानेही हे चिठ्ठीवरच मिळणारे औषध आहे.

गोळ्या घेताना

माहिती असावी म्हणून सांगतो. किडनी चांगली असलेल्या मोठ्या माणसाला नागिणीसाठी साधारणपणे ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. व्हॅलासायक्लोव्हिर असेल तर १००० मिलिग्रॅम तीन वेळा, सात दिवस. आपल्याला किती, हे मात्र डॉक्टरच ठरवतील. त्यांना न विचारता स्वतःहून सांगाव्यात अशा गोष्टी: किडनीचा त्रास, मधुमेह, रक्तदाब; चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, त्यांत एचआयव्हीच्या किंवा किडनी बदलल्यानंतरच्या गोळ्याही आल्या; पोटात बाळ असणे किंवा अंगावर पाजत असणे; पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असल्यास तेही.

पाच वेळांचे कसे जमवायचे, असे कारखान्यात जाणारे विचारतात. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, असे जमते. रात्रपाळी असेल तर जागेपणाच्या तासांत दर चार तासांनी. सुट्टी मिळत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. कमी वेळा घ्यायचे औषध ते लिहून देऊ शकतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा कराव्यात. आमच्या काकांच्या खुणा त्यांची चौथीतली नात करीत होती. तिच्या नजरेतून एक गोळी सुटली नाही.

एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ आलीच असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. फोड वाळले म्हणून चौथ्या दिवशी बंद करू नये. गोळी जेवणाआधी वा नंतर कशीही चालते. पोटात मळमळत असेल तर जेवून घ्यावी. दिवसभर पाणी भरपूर प्यावे, म्हणजे औषध किडनीत अडकत नाही. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी पुन्हा विचारावे. डोके दुखणे, मळमळ, जुलाब हे होऊ शकते आणि बहुधा थांबते. पण लघवी कमी होणे, बरळणे, फार झोप येणे, चेहरा सुजणे, अंगावर चट्टे उठून श्वास लागणे, यांतले काही दिसले तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय. उरलेल्या गोळ्या शेजारधर्म म्हणून कोणाला देऊ नयेत.

नागिणीवर ॲसायक्लोव्हिरचे नुसते मलम चोळून भागत नाही; गोळीच लागते. फोड साध्या पाण्याने धुवावेत, हलके टिपून कोरडे करावेत, स्वच्छ सुती कापडाने झाकावेत. आंघोळ चालते. मीठ, तेल, भात, मटण काही बंद करायचे कारण नाही. आजारी माणसाला उपाशी ठेवणे हा उपचार नव्हे. विकतच्या नावापेक्षा औषधाच्या मूळ नावाने विचारावे. सरकारी रुग्णालय, ईएसआयचे कार्ड असल्यास तिथला दवाखाना आणि जनऔषधी दुकान, इथे आधी चौकशी करावी.

एकाची नागीण दुसऱ्याला नागीण म्हणून लागत नाही. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला फोडांतल्या पाण्याने कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत तान्ही मुले, कांजिण्या न झालेल्या गरोदर बाया आणि कॅन्सरचे उपचार घेणारे यांच्यापासून जपावे. टॉवेल वेगळा ठेवावा, हात साबणाने धुवावेत.

इथे एक दिवसही थांबू नका

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा धोक्यात आहे असे समजा. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. नजर जाऊ शकते. कानात फोड येऊन तोंड वाकडे झाले, ऐकू कमी आले, चक्कर आली, तर तेही तातडीचे. फोड अंगभर पसरले, ताप चढला, मान ताठली, शुद्ध हरपू लागली, तर रुग्णवाहिका बोलवा.

तरुण वयात नागीण निघाली, किंवा पुन्हा पुन्हा निघू लागली, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात. रागावू नये, घाबरूही नये. नागीण म्हणजे एचआयव्ही असे मुळीच नाही. पण असल्यास लवकर कळलेले बरे, कारण त्यावरची औषधे सरकार मोफत देते. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी तुमची संमती घ्यावी लागते आणि निष्कर्ष गुप्त ठेवावा लागतो.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही

नागिणीच्या विषाणूला दोन चुलत भावंडे आहेत. त्यांना साधे हर्पिस म्हणतात. एक बहुधा ओठाच्या कडेला, ताप येऊन गेल्यावर फोड आणते. दुसरे बहुधा गुप्तांगावर. पहिल्याबद्दल आपण चारचौघांत बोलतो. दुसऱ्याबद्दल नवरा बायकोशी बोलत नाही आणि बायको डॉक्टरशीही बोलत नाही. परिणामी आग, जखमा सोसत माणसे भलत्या जाहिरातींच्या नादी लागतात.

त्यांच्यासाठी हेच औषध आहे, मात्रा वेगळी. पहिल्या खेपेला साधारण सात ते दहा दिवस. पुढे पुन्हा उठले तर मुंग्या आल्यासारखे होताच लगेच सुरू करायचे असते, म्हणून डॉक्टर चिठ्ठी आधीच देऊन ठेवू शकतात. वर्षातून सहा वा जास्त वेळा उठत असेल तर रोज थोड्या मात्रेत घ्यायचा उपायही आहे. जखम असताना संबंध टाळावा. एरवी निरोध वापरल्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. गरोदर बाईने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये, कारण बाळंतपणाच्या वेळी जखमा असतील तर बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, आणि तो टाळता येतो. हा विषाणू वर्षानुवर्षे गप्प राहून मग उठू शकतो. त्यामुळे आज फोड दिसले म्हणून कालच कोणी वाकडे पाऊल टाकले, असा निवाडा घरात करू नये. या आजाराने जेवढे संसार मोडत नाहीत तेवढे या संशयाने मोडतात.

नागीण होऊ नये म्हणून पन्नाशीपुढच्यांसाठी लसही आहे. २०२३ साली ती भारतात आली. दोन डोस लागतात आणि आपल्या खिशाला ती जड आहे. ज्यांना परवडेल त्यांनी डॉक्टरांशी बोलावे.

आठव्या दिवशी

काकांच्या गोळ्या सात दिवसांत संपल्या. रक्ताचा रिपोर्ट बिघडला नाही. खपल्या पडल्यावर ते कामावर जायला निघाले, तेव्हा आम्ही तिथेच होतो. काकूंनी डबा भरता भरता विचारले, "भाऊ, खरं सांगा. त्या म्हाताऱ्याकडं गेलो असतो तरी फोड वाळलेच असते ना?"

"वाळले असते," आम्ही म्हणालो.

"मग फरक काय झाला?"

आम्ही उत्तर शोधत होतो. तेवढ्यात काकांनी युनिफॉर्मचा शर्ट चढवला आणि त्या बरगडीवरूनच कमरेचा पट्टा वर ओढून घट्ट बांधला. थोडे टोचते म्हणाले, एवढेच. सगळ्यांचेच असे निभावते असे नाही; काकांचे निभावले. आमच्या डोळ्यांपुढे मात्र पोलक्याचा काठ बोटाने अंगापासून दूर धरून जिन्यात बसलेली आई आली.

तेव्हा, बंधूभगिनींनो, एका अंगाला आग होऊन फोडांचा पट्टा उठला तर तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे पाहत बसू नका. पहिला फोड कोणत्या दिवशी, किती वाजता दिसला तेवढे कॅलेंडरवर लिहा, जुने रिपोर्ट पिशवीत घाला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तीन दिवसांचा हिशेब आहे. तो आम्हाला एकदा चुकला. तुम्हाला चुकू नये.